उभी गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना

वाड्याची पडवी, सोसायटीच्या पार्किंगचा कोपरा, कोकणातल्या घराचा मांगर. ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी अशा ठिकाणी हमखास आढळते. ज्यांनी ती घेतली ते हयात नसतात, मुलं परगावी किंवा परदेशी असतात, आणि विकायला कुणाचं मन धजत नाही. मग एखाद्या दिवाळीत किंवा गणपतीत सगळे जमले की कुणीतरी ताडपत्री उचलतं आणि विषय निघतो: ही चालू होईल का?

पूर्वी हा फक्त गॅरेजचा प्रश्न होता. मिस्त्री सांगेल ते खरं, एवढ्यावर तो मिटायचा. आता त्यात बऱ्याच गोष्टी शिरल्या आहेत. पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं, नोंदणीच्या नूतनीकरणाची फी वाढली, जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं धोरण आलं, पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी वेगळे नियम आले. मेकॅनिक, हौशी मालक, सरकारी खाती आणि हवेच्या प्रदूषणाची काळजी करणारे, अशा सगळ्यांची या विषयावर मतं आहेत. एकाचं दुसऱ्याशी पटत नसलं, तरी प्रत्येकाच्या म्हणण्यात काही तथ्य आहे. ही मतं एकत्र ठेवून पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. वादाचा सगळा भर इंजिन सुरू होण्यावर असतो आणि खरी अडचण त्याच्या पुढे असते.

उदाहरण म्हणून मी मुख्यतः प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला ‘फियाट’ म्हणतात ती गाडी घेतली आहे. मुंबई-पुण्याकडच्या जुन्या घरांत उभी राहिलेली गाडी बरेचदा तीच असते.

फियाट घरातच का राहिली

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. 1950 च्या दशकात फियाट आली, 1964 मध्ये 1100 डिलाइट आली आणि 1974 पासून त्याच गाडीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळालं. 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं. मुंबईतली अखेरची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये नोंदलेली होती. टॅक्सीची 20 वर्षांची वयोमर्यादा भरल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये तीही रस्त्यावरून गेली.

त्या काळात पैसे असले तरी गाडी लगेच मिळत नसे. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्यामुळे घरात गाडी येणं ही कुटुंबाच्या आठवणीतली घटना असे. पुढे मारुती 800 आली, मग आणखी सोप्या, कमी खर्चाच्या गाड्या आल्या. फियाटला गिऱ्हाईक उरलं नाही आणि भंगाराच्या भावात द्यायला मन घेईना, म्हणून ती तिथेच राहिली. हे सांगायचं कारण असं, की अशा बहुतेक गाड्या बिघडल्या म्हणून उभ्या केलेल्या नाहीत. चालती गाडी लावली आणि पुन्हा काढली नाही, असंच बहुतेकदा झालेलं असतं. दुरुस्तीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. बिघडून उभी राहिलेली गाडी असेल तर मूळ बिघाड काय होता ते आधी शोधावं लागतं, आणि तो ठाऊक असलेला माणूस अनेकदा हयात नसतो.

उभं राहून काय बिघडतं

याबद्दल फारसा वाद नाही, त्यामुळे थोडक्यात.

बॅटरी सगळ्यात आधी जाते. चार्ज नसलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि काही महिन्यांत ती निकामी होते. पेट्रोलचा हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ बनते आणि टाकी उघडली की पेट्रोलऐवजी जुन्या वॉर्निशसारखा वास येतो. टाकीच्या रिकाम्या भागात दमट हवेमुळे गंज धरतो. पंपाचा डायफ्रॅम, होस पाइप, ब्रेकचे वॉशर अशा रबराच्या सगळ्या वस्तू कडक होतात. रेडिएटरमध्ये आपल्याकडे कूलंटऐवजी बोअरचं किंवा नळाचं साधं पाणी भरण्याची पद्धत होती. त्याच्या क्षारांनी आणि गंजाने आतल्या नळ्या तुंबतात आणि ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे प्लग आतून कुरतडले जातात. उंदीर वायरिंग खातात, एअर फिल्टरमध्ये घरटं करतात. कुंभारीण माशी मिळेल त्या भोकात मातीचं घर बांधते, सायलेन्सरच्या तोंडापासून ब्रेक ऑइलच्या झाकणाच्या छिद्रापर्यंत.

प्रदेशानुसार फरक पडतो. कोकण, मुंबई आणि गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत पत्रा आणि ब्रेक आधी जातात. सोलापूर, लातूर, विदर्भाकडे पत्रा टिकतो, पण उन्हाने रबर, रंग आणि टायर फुटतात. पत्रा सडलेल्या गाडीपेक्षा रबर गेलेली गाडी पुन्हा चालती करणं कितीतरी सोपं, म्हणून जाणकार गिऱ्हाईक कोरड्या भागातली गाडी शोधतात.

‘सुरू करून बघू’ आणि ‘उघडून बघू’

मेकॅनिकांमध्ये खरे दोन पक्ष पडतात ते इथे.

पहिल्या पक्षाचं म्हणणं असं: इंजिन हाताने फिरत असेल तर ते उघडू नये. स्वच्छ तेल, ताजं पेट्रोल आणि चांगला स्पार्क दिला की जुनं इंजिन बहुधा चालतं, आणि चालल्यावर त्याचा पुष्कळसा आजार आपोआप कमी होतो. चिकटलेल्या पिस्टन रिंगा तेल आणि उष्णता मिळाली की सुटतात, सुकलेली सीलं थोडी फुगून गळती कमी करतात. एकदा हेड काढलं की गॅस्केट आलं, व्हॉल्व्ह घासणं आलं, मग ‘आता उघडलंच आहे तर’ म्हणत रिंगा, बेअरिंग, बोअर असं करत पूर्ण इंजिन बांधण्यावर गाडी येते. खर्च एकीकडे, पण पद्मिनीचे भाग आता जुन्या साठ्यातून किंवा भंगारातूनच मिळवावे लागतात. चांगलं चालू शकलं असतं असं इंजिन उघडून, मग भागांअभावी वर्षभर टेबलावर पडलेलं मी पाहिलं आहे. या पक्षाच्या भीतीला आधार आहे.

दुसरा पक्ष म्हणतो: आत काय आहे ते बघितल्याशिवाय किल्ली फिरवणं हा जुगार आहे. गाडी उभी असताना काही व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात आणि त्या सिलिंडरमध्ये दमट हवा थेट जाते. पिस्टन जिथे थांबला असेल तिथे सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची गोल रेघ धरते. पिस्टन त्यावरून जोरात गेला की रिंग तुटते किंवा भिंतीवर ओरखडा उठतो. शिवाय तळाशी साचलेला तेलाचा काळा गाळ पहिल्याच मिनिटात बारीक मार्गांत शिरून बेअरिंगचं तेल अडवू शकतो. भाग मिळत नाहीत हे खरं, पण म्हणूनच आहेत ते भाग पणाला लावू नयेत. त्यांचा तर्कही चुकीचा नाही.

दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर एकमत आहे: नवी बॅटरी लावून थेट सेल्फ मारायचा नाही. त्याआधीचं काम दोघेही जवळजवळ सारखंच करतात आणि ते नीट पाहण्यासारखं असतं. चारही स्पार्क प्लग काढायचे. प्लगच्या टोकाकडे बघूनच जाणता मिस्त्री बरंच ओळखतो: कोरडा तपकिरी असेल तर बरं, तांबूस गंज असेल तर त्या सिलिंडरकडे जास्त लक्ष. प्रत्येक भोकातून चमचा-दोन चमचे पातळ तेल सोडायचं; कुणी इंजिन ऑइलमध्ये डिझेल मिसळतं, कुणी गंज सोडवणारा स्प्रे वापरतं. मग गाडी तशीच ठेवायची, रात्रभर किंवा गरज पडली तर काही दिवस. त्यानंतर पुढच्या पुलीच्या नटावर लांब पाना लावून अगदी हलका जोर द्यायचा. नट घट्ट होण्याच्या दिशेने हलला नाही तर पाना काढायचा, पुन्हा तेल, पुन्हा वाट. दांड्याला पाइप लावून जोर वाढवण्याचा मोह होतो आणि इंजिनं तिथेच मोडतात. अर्धा फेरा सुटला, पुढचा अर्धा अडला, मागे घेऊन पुन्हा पुढे, असं करत दोन पूर्ण फेरे मोकळे झाले की चारही सिलिंडरांचा एकेक पूर्ण क्रम होतो. मग जुनं तेल सोडून नवं भरायचं, फिल्टर बदलायचा आणि प्लग काढलेलेच ठेवून सेल्फने इंजिन फिरवायचं, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. प्लग नसल्यामुळे बेअरिंगवर भार येत नाही आणि तेल सगळीकडे पोहोचतं.

यानंतर पेट्रोल. टाकीतलं जुनं पेट्रोल वापरायचं नाही याबद्दल बहुतेकांचं एकमत आहे. थोडं ताजं पेट्रोल घालून ‘पातळ करून’ चालवणारे अजून आहेत, पण त्या राळेचा परिणाम नंतर दिसतो: गरम झालेला व्हॉल्व्ह थंड होताना गाइडमध्ये चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी पुशरॉड वाकतो. म्हणून टाकी बाजूला ठेवून पहिल्या वेळी इंजिन बाटलीवर चालवतात. बॉनेटपाशी पेट्रोलची बाटली टांगून तिची नळी कार्बुरेटरला जोडायची. पद्धत सोपी, पण आगीला आमंत्रण देणारी. शेजारी आग विझवायचं सिलिंडर ठेवल्याशिवाय ती कुणी करू नये. कार्बुरेटर उघडला की फ्लोटच्या वाटीत हिरवट-पांढरी पूड आणि तळाशी मधासारखा घट्ट थर सापडतो. जेट तारेने कोरायचे नाहीत, भोक मोठं होतं. स्वच्छ करणारं द्रव आणि हवेचा दाब पुरतो. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट पॉलिश पेपरने हलके घासून फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवली की बहुधा स्पार्क येतो.

गेल्या काही वर्षांत एका स्वस्त वस्तूने या वादाची धार बरीच कमी केली आहे. मोबाइलला जोडता येणारा, पेन्सिलइतका जाड कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडता येतो. हेड न काढता सिलिंडरची भिंत दिसते. गंजाची रेघ ठळक दिसली तर उघडायचं, फिकट डागच असतील तर चालवून बघायचं. पण बेअरिंग आणि तेलाचे मार्ग कॅमेऱ्याला दिसत नाहीत, त्यामुळे वाद पूर्ण मिटलेला नाही. तेलात रॉकेल मिसळून इंजिन ‘धुऊन’ घ्यावं की नाही याबद्दलही दोन मतं आहेत. गाळ निघतो हे खरं. निघालेला गाळ नको तिथे जाऊन अडकतो हेही खरं. माझं मत न धुण्याच्या बाजूचं आहे. तेल लवकर-लवकर बदलत राहणं सावकाश असलं तरी सुरक्षित वाटतं.

गाडीच्या जातीनुसार उत्तर बदलतं. पद्मिनीत टायमिंगची साखळी असते. मारुती 800 मध्ये रबराचा पट्टा असतो आणि जुना पट्टा बदलल्याशिवाय ते इंजिन फिरवणं शहाणपणाचं नाही. इंजेक्शनच्या गाड्यांत टाकीतला विजेचा पंप आणि इंजेक्टर अडकतात. डिझेल गाडीचं काम डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे नेण्यावाचून गत्यंतर नसतं.

चालू होण्यापेक्षा थांबणं

इंजिनाने पहिला आवाज दिला की घरातल्यांचा आनंद गगनात मावत नाही आणि कुणीतरी ‘एक चक्कर मारून येऊ’ म्हणतं. माझ्या मते उभ्या गाडीच्या सगळ्या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित मुद्दा इथे आहे. सुरू न होणारी गाडी कुणाला इजा करत नाही.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. प्रत्येक ड्रमच्या आत बोटाएवढं व्हील सिलिंडर असतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि ते पाणी याच छोट्या सिलिंडरच्या तळाशी साचून तिथे गंजाचे खड्डे पाडतं. रबराचा वॉशर त्या खड्ड्यावरून सरकला की फाटतो. फसवणूक अशी, की पार्किंगमध्ये पॅडल दाबलं तर ते घट्ट लागतं. वॉशर फाटतो तो रस्त्यावर, जोरात ब्रेक मारल्यावर. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत चारही चाकांचं तेल एकाच मास्टर सिलिंडरवर आणि एकाच मार्गावर असे, म्हणजे एक वॉशर फाटला तर चारही ब्रेक गेले. चाकापाशी जाणारी रबरी नळी बाहेरून चांगली दिसत असली तरी आतून फुगून बंद झालेली असते. मग ब्रेक लागतो, पण सुटत नाही.

यात पक्ष पडायला नकोत, तरी पडतात. काही जण नुसतं तेल बदलून, हवा काढून गाडी देतात आणि ‘कमी वेगात चालवा’ म्हणतात. काही जण मास्टर आणि चारही व्हील सिलिंडरांचे किट, नळ्या, शू बदलल्याशिवाय गाडी बाहेर सोडत नाहीत. इथे मला दुसऱ्यांचंच म्हणणं बरोबर वाटतं, कारण मधला मार्ग तपासून पाहायची सोय नाही. जुन्या शूच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेच्या दाबाने उडवण्याची गॅरेजमधली सवय म्हणूनच सोडायला हवी. टायरांचंही तसंच. नक्षी शाबूत दिसली तरी दहा-पंधरा वर्षांचं रबर आतून मेलेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते आकडेच नसतील तर टायर बहुधा फार जुना आहे.

अधूनमधून चालू करून ठेवणं

2020 च्या लॉकडाउनमध्ये हजारो गाड्या महिनोन्‌महिने हलल्या नाहीत, तेव्हापासून हा मुद्दा घरोघरी पोहोचला. दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करावं, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने मनाला बरं वाटतं आणि सीलं ओली राहतात. पण जागेवर पाच मिनिटं चालवल्याने इंजिन पुरेसं तापत नाही. जळण्यातून तयार झालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्येच राहतं, आणि सेल्फने बॅटरीतून घेतलेला चार्जही पूर्ण परत जात नाही. पंधरा दिवसांनी का होईना, पण दहा-पंधरा किलोमीटर गाडी खरोखर चालवावी, आणि ते जमणार नसेल तर मुळीच चालू करू नये: बॅटरी काढावी, टायरात हवा जास्त ठेवावी, हँडब्रेक सोडून चाकाला दगड लावावा. जाणकारांचा कल आता या बाजूला झुकला आहे.

मूळ भाग की नवे पर्याय

पॉइंट आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का, यांत्रिक पंपाऐवजी विजेचा पंप लावावा का, हा वाद हौशी मंडळींत फार रंगतो. मूळपणाचा आग्रह धरणारे म्हणतात, बाहेरगावी रस्त्यात बंद पडलेली जुनी गाडी पॉलिश पेपरच्या तुकड्याने चालू होते, इलेक्ट्रॉनिक भाग गेला की टोइंग. दुसरे म्हणतात, आजकाल बाजारात मिळणारे पॉइंट आणि कंडेन्सर इतके हलक्या दर्जाचे असतात की तो दिलासाही उरलेला नाही. दोघंही बरोबर आहेत. काढलेला मूळ भाग जपून ठेवला तर हा निर्णय उलटवता येतो. पूर्ण इंजिनच बदलून दुसरं टाकणं मात्र वेगळी गोष्ट. त्याची नोंद आरसी बुकात करावी लागते आणि खाली सांगितलेल्या जुन्या गाड्यांच्या नियमांत ते आड येतं.

आजचं पेट्रोल

जी फियाट 1998 मध्ये उभी केली तिच्या टाकीत शिशाचं पेट्रोल असण्याची शक्यता आहे. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. तेव्हाही जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटचं काय होणार यावर चर्चा झाली होती. शिशाचा थर सीटला संरक्षण द्यायचा, तो गेल्यावर सतत जोरात चालणाऱ्या इंजिनांत सीट खचू शकते. शहरात हौसेने थोडी चालणाऱ्या गाडीला त्याचा त्रास क्वचितच जाणवतो. तो प्रश्न आज जवळपास मागे पडला आहे.

इथेनॉलचा प्रश्न ताजा आहे आणि त्याची मुळं महाराष्ट्रात आहेत. 2001 मध्ये देशात इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे पहिले प्रयोग मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातल्या बरेलीजवळ झाले. 2003 मध्ये काही राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झालं, 2022 मध्ये देश 10 टक्क्यांवर आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर पोहोचला. ऊस उत्पादक आणि साखर कारखान्यांच्या दृष्टीने हा मोठा आधार आहे. आयातीत तेलावरचं परकीय चलन वाचतं हा सरकारचा मुद्दाही खरा आहे. या मिश्रणाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळली.

नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यानेच मान्य केलं होतं, की इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचलेल्या आणि 10 टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज 20 टक्के मिश्रणावर 6 ते 7 टक्क्यांनी घटतं. इंजिनाची हानी होते हा आरोप पेट्रोलियम मंत्रालयाने 2025 मध्ये फेटाळला, पण काही जुन्या गाड्यांत 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, आणि ते स्वस्त असतात, असं स्पष्टीकरण दिलं. मालकांचं म्हणणं असं की त्यांच्या गाड्यांत पंपाचे डायफ्रॅम आणि नळ्या फार लवकर मऊ पडतात, गळतात.

पद्मिनीसारख्या गाडीबाबत यांत्रिक बाजू अशी: इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून आलेलं मिश्रण इंजिनाला ‘पातळ’ पडतं. कार्बुरेटर ते ओळखून भरपाई करू शकत नाही. इंजिन गरम चालतं, पिकअप घेताना अडखळतं. मुख्य जेट किंचित मोठा बसवणं हा त्यावरचा रूढ उपाय आहे. रबर आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या बसवता येतात. टाकीतला जुना राळेचा थर मात्र इथेनॉल सोडवून आणतं आणि पहिल्या काही टाक्यांत फिल्टर वारंवार तुंबतो. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं, पण 20 टक्के मिश्रण 10 टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा जास्त पाणी वेगळं न होता सामावून घेऊ शकतं, हेही सांगायला हवं.

न सुटलेला मुद्दा असा आहे. मंत्रालयाचं स्पष्टीकरण किलोमीटरच्या भाषेत आहे. हौसेने जपलेली गाडी वर्षाला पाचशे किलोमीटर चालते आणि उरलेले दिवस टाकीत तेच पेट्रोल घेऊन उभी असते. तिच्या रबराचं आयुष्य काळावर ठरतं. किती महिने हे मिश्रण कार्बुरेटरच्या वाटीत राहिलं तर झिंकच्या ओतीव भागाचं काय होतं, आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत बंद टाकीत किती पाणी जमतं, याचं जुन्या गाड्यांपुरतं उत्तर मालकांच्या हाती आलेलं नाही. पुण्याला एआरएआयसारखी मोटारगाड्यांची संशोधन संस्था आहे. ही चाचणी तिच्या आवाक्याबाहेरची नसावी.

कागद

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी पासिंग करून ती वाढवावी लागते. एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या मोटारीची ही फी 600 रुपयांवरून 5,000 झाली, आणि ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने 20 वर्षांवरच्या मोटारीसाठी ती 10,000 केली. मुदत उलटून गेली असेल तर दरमहा 500 रुपयांचा जादा आकार नियमांत आहे. जिथे नोंदणी 2005 मध्येच संपली, तिथे आरटीओत जाऊन आकडा विचारल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवी सुरक्षित नंबरप्लेट हे सगळं आहेच. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर गाडी करणं हे वेगळं काम. जुन्या पेट्रोल मोटारीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची 3 टक्क्यांपर्यंत सवलत आहे. जुळवलेला कार्बुरेटर ती मर्यादा पाळू शकतो.

जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ स्वरूपात असलेली गाडी ‘व्हीए’ मालिकेत 20,000 रुपये भरून नोंदवता येते आणि ती नोंदणी 10 वर्षं टिकते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. 1974 च्या पद्मिनीला हा मार्ग आता खुला आहे. 1986 च्या पद्मिनीला मात्र 2036 पर्यंत थांबावं लागेल. घराघरांत उभ्या असलेल्या बहुतेक फियाट या मधल्या पट्ट्यात अडकल्या आहेत, भंगारात जाण्याइतक्या जुन्या आणि वारसा ठरायला अपुऱ्या. दिल्ली परिसरात 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरील बंदीचा प्रश्न न्यायालयांत गेली दहा वर्षं गाजतो आहे. महाराष्ट्रात तशी सरसकट बंदी नाही.

ठेवावी की मोडीत काढावी

भंगार धोरणाच्या बाजूचा युक्तिवाद सरळ आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली कार्बुरेटरची गाडी दर किलोमीटरला नव्या गाडीच्या अनेक पट विषारी वायू सोडते, तिला सीटबेल्ट-एअरबॅगचं संरक्षण नाही, आणि नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढल्यास नव्या गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. उलट बाजूचं म्हणणं: जी गाडी महिन्यातून एकदा बाहेर पडते तिचा एकूण धूर नगण्य आहे, तिच्या जागी नवी गाडी बनवायला लागणारं पोलाद आणि ऊर्जा मात्र नगण्य नाही, आणि देशातल्या मोटार उद्योगाच्या पहिल्या पिढीच्या खुणा अशा घरांतच शिल्लक आहेत.

मला इथे एक विसंगती दिसते. नोंदणीचे नियम गाडीचं वय मोजतात, जिथे खरं तर तिने कापलेलं अंतर मोजायला हवं. पेट्रोलबद्दलचं स्पष्टीकरण अंतर मोजतं, जिथे काळ मोजायला हवा. वर्षाला ठराविक किलोमीटरपर्यंतच चालणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग आणि वेगळी फी ठेवली, तर दोन्ही बाजूंचं बरंचसं समाधान होऊ शकेल. तो विचार अजून नियमांत आलेला नाही.

आणखी एक गोष्ट वेगाने हातची जाते आहे. कार्बुरेटर कानाने जुळवणारे, पॉइंटची फट बोटाने ओळखणारे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या मुलांनी एक तर स्कॅनर घेतला आहे किंवा धंदा सोडला आहे. मुंबईच्या कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे आणि पुण्याच्या जुन्या बाजारात अजून भाग सापडतात, पण कोणत्या वर्षीच्या गाडीचा कोणता भाग कशाला बसतो हे सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत. या ज्ञानाचा फार थोडा भाग मराठीत कागदावर आहे.

म्हणून अशी गाडी असलेल्यांना दोन विनंत्या. मेकॅनिकला बोलावण्याआधी आरसी बुक काढा, मुदत बघा, आरटीओत हिशेब विचारा, आणि पैशाचा पहिला वाटा ब्रेकसाठी बाजूला काढा. आणि काम सुरू झालं की शेजारी एक वही ठेवा: तारीख, कोणता भाग काढला, कोणता बसवला, जेटचा नंबर, वॉशरचं माप, मिस्त्रीने काय सांगितलं. जमल्यास फोटोही काढा. वहीची एक प्रत गाडीत ठेवा आणि एक त्या मिस्त्रीला द्या.